खर्ज प्रांती पहिल्या खुर्चीचा तंटा

श्री.

प्रथम नमन नादास. दुसरे नमन कानास, की ज्यावाचोन नाद पोरका. तिसरे नमन त्या चौघांस, जे सारा आठवडा चाकरी करोन शुक्रवारी एका खोलीत बसतात, एकमेकांवर डोळे वटारितात, आणि तरीही पुढील शुक्रवारी पुनः येतात. त्यांची मर्दुमकी काळाचे उदरी गडप होऊ नये, पुढे कोणी पुसेल तर खरे काय ते ठाऊक असावे, सबब हा मजकूर तपशीलवार लिहिला आहे. वाचणाराने चहा घेऊन स्वस्थ बसावे.

हकीकत ऐसी जे, सौदी अरब मुलखात रियाध राजधानीचे दक्षिणेस अल खर्ज नामे शहर आहे. गवई लोकांनी नावावर भुलू नये; त्यांचा खर्ज गळ्यात असतो, हा वाळवंटात आहे. तेथे खजुरीच्या बागा आणि थोर थोर डेअऱ्या, आणि उन्हाळी माणूस भाजोन निघते परंतु गाईंस पंखे आणि पाण्याचे फवारे असतात, ऐसा गाईंचा दबदबा. त्या शहरी एका इस्पितळात राजश्री दत्तात्रयपंत कारखानीस, मूळ वस्ती मिरज, हे भूलतज्ज्ञ होते. लोकांस निद्रा देणे हा त्यांचा पेशा, आणि व्हायोलिन वाजविणे हा शौक. आणि दोहींचा परिणाम एकच, ऐसे त्यांचे हितशत्रू म्हणत, परंतु ते खरे नव्हे. पंतांनी बाळपणी एका मिशनरी मेमसाहेबापाशी विलायती विद्येचे धडे घेतले होते आणि ते मनापासोन वाजवीत.

या पंतांनी खर्ज शहरी विलायती धर्तीची चौकडी उभारिली. चौकडी म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हियोला, की जे व्हायोलिनाहून किंचित थोरले आणि आवाजाने पोक्त, आणि एक चेलो, की जे गुडघ्यांमध्ये धरोन वाजवितात. पूर्वी विलायतेत ऐसी चौकडी सरदारांचे दिवाणखान्यात बसे, आणि ती वाजवीत असता खासे लोक जेवीत, गप्पा करीत, सोयरिकी जुळवीत. खर्जासही रीत तीच राहिली, फक्त सरदार नव्हते. चौघांत पहिले व्हायोलिन म्हणजे गादी. गाणे बहुतकरोन त्याचे. दुसरे व्हायोलिन त्याखाली टुक टुक टुक टुक ऐसी चाकरी करिते, आणि त्याचे नाव कोणी विचारीत नाही. ती पहिली खुर्ची पंतांनी एक तपभर निर्वेध भोगिली.

व्हियोलावर हाशिरमियाँ परकार होते. दाभोळ खाडीकाठचे घराणे, डेअरीच्या शीतगृहाचे इंजिनियर, वय कोवळे, स्वभाव सलोख्याचा. चेलोवर यानसाहेब, डेन्मार्क देशीचे, गाईंचे हकीम. उंची दारास लागेल इतकी आणि बोलणे मोजके. दुय्यम खुर्चीवर फिलिपिन्स देशीची एक नर्स होती, ती फायनल एक्झिट, म्हणजे कायमची रजा, घेऊन स्वदेशी गेली, आणि ती खुर्ची रिकामी पडली. आणि तेथोन पुढील सर्व अनर्थ उद्भवला.

मग त्याच इस्पितळी डॉक्टर विभाबाई आगाशे या पॅथॉलॉजिस्ट म्हणोन रुजू जाहल्या. इकामा, म्हणजे तेथे राहण्याचा परवाना, हाती पडोन आठवडा लोटला नाही तोच त्यांनी पंतांस कॅन्टीनमध्ये गाठोन अर्ज केला, की सर, मी थोडंफार व्हायोलिन वाजवते. पंत संतोषोन बोलिले, "अगं, मग ये ना शुक्रवारी! दुसरं व्हायोलिन रिकामंच आहे. घाबरू नकोस, सोपं असतं."

शुक्रवारी विभाबाई आल्या, पेटी उघडोन व्हायोलिन काढिले, आणि तारा जुळवावया म्हणोन चार सूर ओढिले. ते चार सूर ऐकताच हाशिरमियाँचा हात चहाच्या कपापाशी थबकला, यानसाहेबांनी चष्मा कपाळावर सारिला, आणि दत्तात्रयपंतांनी उघडत असलेली आपली पेटी पुनः मिटिली. थोडंफार म्हणजे कितपत, हे त्यांस कळोन चुकले. विभाबाईंचे हाती सूर ऐसा वसत होता, जैसा पंतांस बारा वर्षांत क्वचित सठीसहामासी भेटला असेल. परंतु पंतांनी चेहऱ्यावर काही दाखविले नाही. दुसऱ्या खुर्चीकडे बोट करोन हुकूम केला, की तिथे बस, आणि माझ्याकडे बघत वाजव. बाईंनी बहुत बरे म्हणोन बैठक घेतली.

त्या दिवसापासोन खर्जास शांतता राहिली नाही. बाई बिनतक्रार टुक टुक करीत, परंतु त्यांची टुकटुकसुद्धा ऐसी देखणी, की ऐकणाराचे लक्ष गाणे सोडोन तिकडे जाई. मग पंतांनी एक डाव केला, लय जलद धरिली, की दुय्यम मागे पडावी. बाई पडल्या नाहीत, पंतच पडले. मग लय संथ धरिली. तेव्हा यानसाहेबांनी अदबीने विचारिले, की कोणी आजारी आहे काय. घरी पंतांचे कुटुंब रेखाबाई, या शहाण्या आणि स्पष्टवक्त्या, त्यांनी ताटावर विषय काढिला.

"अहो, ती चांगली वाजवते म्हणून तुमचं काय गेलं?"

"माझं कुठे काय गेलंय?"

"मग भाकरी का परत केलीत?"

खरे पाहता पंतांचे मनी होते ते ऐसे, की इस्पितळी आपण वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे शस्त्रक्रियेत रोग्याचे डोक्यापाशी बसतो. कीर्ती सर्जनाची होते, रोगी शुद्धीवर येऊन सर्जनाचे पाय धरितो, आणि भूल देणाराचे नावही कोणास आठवत नाही. साऱ्या आठवड्यात एक ती खुर्ची, जेथे आपण पहिले. तीही गेली तर राहिले काय? परंतु हे बायकोसमोर बोलणे म्हणजे कमीपणा, सबब पंत हात धुवोन उठले.

मग जलशाचा घाट पडला. हाशिरमियाँच्या मातुश्री मोहतरमा अमिरुन्निसाबेगम यांनी शहराबाहेर खजुरीच्या बागेत एक इस्तिराहा, म्हणजे दिवाणखाना आणि अंगण ऐसे मेजवानीचे ठिकाण, शुक्रवारपुरता घेतला, आणि इस्पितळाचे लोक, डेअरीचे लोक, आणि गावातील तमाम मराठी व कोकणी मंडळी यांस आवतण दिले. मग्रिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज जाहल्यावर वाद्ये वाजावीत, इशाचे, म्हणजे रात्रीचे नमाजेचे, बांगेपूर्वी आटपावीत, मग मटण आणि वडे, ऐसा बेत ठरला. चौकडीने व्हिएन्ना शहरीच्या एका मरहूम उस्तादांच्या चीजेचा पहिला भाग बसविला होता. त्या चीजेस चार भाग होते, परंतु बाकीचे तीन अद्याप काबीज जाहले नव्हते.

जलशाचे दिवशी दुपार ढळताना चौघे इस्तिराह्यात तालमीस बसले, आणि तेथे घात जाहला. त्या चीजेत, पहिल्या मांडणीचे अखेरीस, पहिले व्हायोलिन एकाएकी उंच चढते. जैसा कोणी शिडीवाचोन गच्चीवर जातो. ती जागा पंतांस पूर्वीपासोन अवघड. त्या दिवशी त्यांचे बोट निसटले, आणि जो सूर निघाला तो ऐकोन बागेतील कबुतरे उडाली. पुनः केले, पुनः निसटले. तिसऱ्यांदा केले, तेव्हा हाशिरमियाँ आपले बुटांकडे पाहू लागले. मग यानसाहेबांनी गज खाली ठेविला, आणि गाईंचे दुखणे मालकास सांगावे तैशा मऊ आवाजाने बोलिले, की डॉक्टर, आजच्यापुरते विभा पहिले वाजवील तर कैसे?

पंतांनी व्हायोलिन पुसले, पेटीत ठेविले, कडी लाविली, आणि बाहेर निघोन मोटारीत जाऊन बसले. आणि इंजिन चालू करोन ए.सी. लाविला, परंतु गाडी हालविली नाही. रुसोन जाणे आणि जाऊन बसणे यांत अंतर आहे, हे हाशिरमियाँनी ओळखिले.

इकडे यानसाहेब दिलगीर होऊन म्हणाले, की मी मूर्ख, मी गाईंशीच बोलावे. विभाबाईंचे डोळे भरोन आले. मग हाशिरमियाँनी वकिली आपल्या शिरी घेतली, आणि बाईंस पुसिले, की तुमची मागणी काय ती साफ सांगा.

बाई बोलिल्या, "मला खुर्ची नकोय रे. सरांनीच बसावं. मला फक्त ते वर चढायचं एकदा वाजवायचंय. एकदाच, लोकांसमोर. तीन महिने मी त्याच्या खाली बसून टुक टुक करतेय, आणि दर शुक्रवारी वाटतं, इथे दार आहे आणि मला उघडू देत नाहीत."

हे ऐकोन हाशिरमियाँ उन्हातून मोटारीपाशी गेले आणि काच ठोठाविली. पंतांनी काच चार बोटे खाली केली. त्या फटीतून तह जाहला, तो ऐसा.

त्या मरहूम उस्तादांनी चीजेची बांधणी कोण्या हिशोबाने केली होती, ते जाणणे अवश्य. प्रथम मांडणी, म्हणजे गाण्याची ओळख. ती संपली की कागदावर दुहेरी दांडी आणि दोन ठिपके असतात, त्यांचा हुकूम ऐसा, की फिरोन आरंभी जा आणि सर्व पुनः वाजव. मग मधला मुलूख येतो. तेथे गाणे परदेशी भटकते, वेष बदलते, फाटते, घर कोणते ते विसरते. आणि शेवटी ते घरी परत येते, आणि ऐकणारास हायसे वाटते. ऐसी त्या काळची रीत.

हाशिरमियाँ बोलिले, "काका, मांडणी दोनदा आहे. पहिल्यांदा तुम्ही पहिले बसा. ठिपके आले की खुर्च्या बदला, दुसऱ्यांदा विभाताई वाजवेल. दोघांचं होईल. कोणी हरणार नाही."

पंतांनी इंजिन बंद केले, आणि विचारिले, "तिला ते वरचं वाजवायचंय ना?"

"हो."

"मला माहितेय. तिथे आलं की तिचा श्वास बदलतो." मग काच पुरती खाली करोन बोलिले, "चल. आई वाट बघत असेल तुझी."

तह जाहला, परंतु उभ्या उभ्या जाहला, आणि त्यात मधल्या मुलखाचे नावही निघाले नाही. ठिपक्यांनंतर गादी कोणाची? पंत समजले, की पाहुणी आपला फेरा वाजवोन उतरली, पुढे धनी मीच. विभाबाई समजल्या, की ज्या खुर्चीवर बसलो तीच पुढे. तालीम करावयास सवड नव्हती. पाहुण्यांच्या मोटारी बागेत वळू लागल्या होत्या.

मग मग्रिब आटोपली आणि दिवाणखाना भरला. लेकरे गालिच्यावर, पुरुष भिंतीस टेकोन, डेअरीचे विलायती लोक खुर्च्यांवर ताठ, आणि पाठीमागे अमिरुन्निसाबेगम पातेल्यांपाशी खड्या. चौकडीने स्थाने घेतली. पंतांनी मान हालवोन इशारत दिली, आणि चढाई सुरू जाहली.

पहिला फेरा पंतांनी इभ्रतीने मारिला. ती उंच जागा आली तेव्हा त्यांनी डोळे मिटिले आणि उडी घातली. सूर पुरता शुद्ध नव्हता परंतु मेलाही नव्हता, आणि रेखाबाईंनी पदराआड नि:श्वास सोडिला. मग ठिपके आले. चौघे थांबले, आणि तहाप्रमाणे पंत व विभाबाई उठोन खुर्च्या बदलू लागले.

हे पाहोन कुल सभेने जाणिले, की खलास. टाळ्यांचा कडकडाट जाहला. लेकरे उठोन पळाली. अमिरुन्निसाबेगमांनी पातेल्याची झाकणे उघडविली आणि वड्यांचा वास दिवाणखानाभर ऐसा पसरला, की फौजेची निम्मी मने तेथेच फितूर जाहली. हाशिरमियाँ घाबरे होऊन ओरडिले,

"अम्मी, थांब! संपलं नाही अजून! परत तेच वाजवायचंय!"

"परत तेच?" बेगम बोलिल्या. "मग मघाशी वाजवलंत ते चुकलं होतं काय?"

"चुकलं नव्हतं! लिहिलंच आहे दोनदा!"

बेगमांनी क्षणभर विचार केला, आणि झाकणे पुनः लावविली, आणि सर्वांस फर्मान सोडिले, की बसा रे सगळे, डॉक्टरसाहेब दमलेत तरी दुसऱ्यांदा वाजवतायत, जरा कदर करा. मंडळी बसली. लेकरांस कॉलर धरोन आणिले.

मग दुसरा फेरा विभाबाईंचा. आता पंत दुसऱ्या खुर्चीवर, आणि त्यांचे हाती टुक टुक टुक टुक. ती खुर्ची त्यांनी बारा वर्षांत दर शुक्रवारी पाहिली होती, तिच्यावर बसोन ऐकिले कधी नव्हते. डावीकडून गाणे जवळोन जात होते, उजवीकडून व्हियोला उबदार, समोरोन चेलोची थरथर पायांखालील फरशीत उतरत होती. आणि आपण मधे. मग ती जागा आली. विभाबाईंचा श्वास बदलला, आणि त्या वर गेल्या. ऐशा सहज गेल्या, जैसे वर त्यांचे घरच होते. डेअरीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने हातातील तसबी, म्हणजे जपमाळ, फिरवावयाची थांबविली. पंतांचे अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी त्यांस बहुत वाईटही वाटले. दोन्ही खरे. लिहिणाराने एक लपविणे ठीक नव्हे.

आणि मग मधला मुलूख लागला, आणि तहातील भोक उघडे पडले. विभाबाई समोरील कागद पाहोन पहिले व्हायोलिन वाजवीत पुढे चालल्या. आणि पंतांचे समोर कागद दुय्यमाचा असता, बारा वर्षांचे मुखोद्गत पहिले व्हायोलिन त्यांचेही बोटांतून वाहू लागले. एके गादीवर दोन छत्रपती! दोघेही तेच गाणे ओढतात, किंचित मागेपुढे, किंचित उंचनीच, आणि खाली टुकटुक करणारे कोणीच नाही. बाईंनी चमकोन पंतांकडे पाहिले. पंतांनी बाईंकडे पाहिले. कोणीही मागे हटेना. व्हियोलास खालचा आधार मिळेना, सबब हाशिरमियाँ दोनदा वाट चुकले. यानसाहेब डेन्मार्कच्या भाषेत मोठ्याने मात्रा मोजू लागले. आणि गाणे परमुलखी, रात्र पडली असता वाटाड्या पळोन जावा, तैसे भांबावोन उभे राहिले. एक लेकरू हसले.

त्या गडबडीत पंतांचे कानी एक गोष्ट पडली, जी दुसऱ्या कोणासही ऐकू आली नसती. शस्त्रक्रियेत यंत्राची घंटा वाजण्यापूर्वी पंतांस रोग्याचा श्वास अडकल्याचे कळते, आणि मग ते कोणास विचारीत नाहीत. हात आपोआप तिकडे जातो. तैसेच आता जाहले. या गाण्यास श्वास नाही, आणि त्याची जागा आपले खुर्चीत आहे, आणि ती आपण रिकामी सोडिली आहे, हे त्यांस उमगले. पहिले व्हायोलिन सोडावे की न सोडावे याचा विचार त्यांनी केला नाही; तो विचार त्यांनी नंतर पुष्कळ केला. त्या घडीस त्यांनी फक्त समोरच्या कागदाकडे पाहिले, चौघे कोठे आहेत तो ठाव घेतला, आणि गज टेकविला.

टुक टुक टुक टुक.

जैसा मोटारीचा गिअर पडावा तैसी चौकडी जुळली. हाशिरमियाँस वाट सापडली. यानसाहेबांचे मोजणे थांबले. विभाबाईंनी सुटका जाहल्यागत मान हालविली, आणि चौघे मिळोन त्या परमुलखातून गाण्यास घेऊन निघाले आणि सुखरूप घरी आणिले. घरी परतल्यावर ती उंच जागा पुनः येते. तेथे बाईंनी पंतांकडे पाहोन भुवई उंचाविली, की सर, घेता? पंतांनी हनुवटीनेच सांगितले, की तूच जा. आणि त्या गेल्या.

शेवटचा सूर सुटला. दिवाणखान्यात चिडीचूप. मघाशी फसलेली सभा आता हात मांडीवर ठेवोन बसली. कोणास टाळी वाजविण्याचे धैर्य होईना. वाजविणारे चौघे गज हवेत धरोन बसलेले, आणि ऐकणारे त्यांचे तोंडाकडे पाहत. अखेर पाठीमागून बेगमांचा आवाज आला.

"हाशिर, आता खलास, की अजून दोन ठिपके आहेत?"

"खलास, अम्मी! खलास!"

मग ज्या टाळ्या जाहल्या त्या ऐकोन बाहेरील शेळ्या ओरडू लागल्या. बांगेची वेळ जवळ आली होती, सबब झटपट वाद्ये आवरिली, आणि नमाजेनंतर मटण आणि वडे यांवर तमाम मंडळी तुटोन पडली. यानसाहेबांनी सात वडे खाल्ले आणि आठवा खिशात घातला. विभाबाई ताट घेऊन पंतांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मला वाटलं मधलं पण माझंच." पंत बोलिले, "मला वाटलं माझंच." आणि दोघे इतके हसले, की रेखाबाई काय जाहले म्हणोन पाहावयास आल्या.

पुढील शुक्रवारी पंतांचे घरी बैठक. विभाबाई येऊन पाहतात तो पंत आधीच दुसऱ्या खुर्चीवर बसोन तारा जुळवीत होते.

"सर, तुमची खुर्ची ती..."

"तिथे ए.सी.चा वारा लागतो गं. मान धरते. तू तरुण आहेस, तू बस तिकडे."

ए.सी. दुसऱ्या खुर्चीच्या थेट डोक्यावर होता. हे चौघांस दिसत होते. हाशिरमियाँनी तोंड उघडिले, यानसाहेबांनी त्यांचे पायावर पाय दिला, आणि तोंड मिटले. विभाबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या.

आणि त्यानंतर एके सायंकाळी रेखाबाई कणीक मळता मळता आतल्या खोलीच्या दारात आल्या, पंत एकटेच व्हायोलिन घेऊन बसले होते, आणि बाईंनी पुसिले, "हे काय वाजवताय? यात गाणं कुठे आहे?"

"गाणं विभा वाजवते," पंत म्हणाले. "हे त्याच्या खालचं आहे. ऐक."

रेखाबाई पिठाचे हात तसेच धरोन चौकटीस टेकल्या, आणि ऐकत राहिल्या.

येणेप्रमाणे खर्ज प्रांतीचा तंटा मिटला. फत्ते कोणाची लिहावी याविषयी मतभेद आहेत. इस्पितळात विभाबाईंची म्हणतात, डेअरीत यानसाहेबांची, आणि बेगम म्हणतात वड्यांची. परंतु ज्याने प्रत्यक्ष ऐकिले त्याचे मते या मोहिमेत एक गोष्ट निर्विवाद जाहली, ती पुढील पिढ्यांच्या माहितीस्तव येथे पक्की नमूद केली असे: त्या शुक्रवारी, मग्रिब आणि इशा यांचे दरम्यान, खर्ज मुक्कामी चौघांनी शेवटचा सूर एकाच वेळी सोडिला. पूर्वीच्या बारा वर्षांत ऐसे कधी घडले नव्हते.